तीन आचळांची गाय

ही गोष्ट तुम्ही मानणार नाही. नका मानू. इलाहीभाईंच्या तंबोऱ्याच्या दुकानात बसून चाळीस वर्षांत मी काय काय सांगितलं! विहिरीतून नावानिशी हाक मारणारा मासा सांगितला, सासूला घाबरून झाडावरून न उतरलेलं भूत सांगितलं. लोकांनी सगळं चहाबरोबर मुकाट गिळलं. ही एकच गोष्ट खरी आहे. म्हणजे हिच्यावरच शंका घेतली जाणार.

त्या दुपारी मिरजेच्या त्या दुकानात आम्ही तिघंच होतो. इलाहीभाई एका भोपळ्याला लाख लावत होते. मी शोभनाताईंच्या तंबोऱ्याच्या, तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत जवारी काढत होतो, म्हणजे सूर गुंजता करत होतो, आणि शोभनाताई स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होत्या. बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं लोकांच्या नाड्या धरल्यामुळे त्यांना माणसाच्या तोंडाआधी हात बघायची खोड.

"अण्णा, ही उजवी करंगळी कायमची मिटलेली का तुमची?"

"लहानपणी विळ्यानं कापली," मी म्हटलं आणि कानस जोरात ओढली.

"हं," शोभनाताई म्हणाल्या.

इलाहीभाईंनी विषय बदलला. "ऐकलं का अण्णा, गल्लीच्या टोकाला देवळात कॅमेरा बसवलाय. देवावर नव्हे, पुजाऱ्यावर!"

"बरं केलं," शोभनाताई म्हणाल्या. "हात स्वच्छ असतील तर दाखवायला काय जातं?"

माझी कानस थांबली.

"काय जातं ते मी सांगतो," मी म्हटलं. "एका पुजाऱ्याला असंच हात दाखव म्हणाले होते. मी डोळ्यांनी बघितलंय."

"झालं सुरू," इलाहीभाई म्हणाले, पण त्यांनी ब्रश खाली ठेवला.

राजापूरच्या बाजूला, खाडीच्या पलीकडे, सातविणे म्हणून गाव. नकाशात शोधू नका, नकाशा काढणाऱ्याला तिथं जायला तर, म्हणजे खाडीवरची होडी, मिळाली नव्हती. गावाची देवी नवलाई. काळ्या पाषाणाची, हातभर उंच, पण डोळे असे की देवळात शिरलेला माणूस आधी स्वतःच्या खिशात काय आहे ते आठवून बघायचा. तिच्या नाकात नथ. नथीत बारक्या मोत्यांच्या मधोमध एक टपोरा मोती. गावाकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं, त्यामुळे पाहुणा आला की त्याला पाणी नंतर आणि मोती आधी.

मी त्या देवळाचा घडशी. ढोल वाजवायचो.

"ढोल?" इलाहीभाई म्हणाले. "अण्णा, चाळीस वर्षांत तुम्हाला साधा केरवा कळला नाही. परवा तबल्याला टेकू म्हणून बसलात तर तबला बेसूर झाला."

"देवळाच्या ढोलाला ताल लागत नाही, भाई. आवाज लागतो. मधे बोलू नका."

तर पुजारी होता पुरसू गुरव. वय असेल पंचवीस-सव्वीस. आईबाप लहानपणी गेलेले. चुलता नारोबा आणि चुलती चंद्राकाकी यांनी वाढवलेला. नारोबा म्हणजे देवीचा जुना पुजारी. तो वारला आणि पूजा पुरसूकडे आली. सहा वर्षं झाली होती.

आता त्या देवळाची एक रीत सांगतो, ती नीट ऐका, कारण सगळा घोटाळा तिच्यात आहे. नैवेद्य दाखवायच्या वेळी पुजाऱ्यानं देवीसमोर बोटांच्या मुद्रा करायच्या. आधी धेनुमुद्रा, म्हणजे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अशी अडकवायची की खाली गाईची चार आचळं दिसावीत. मग पाच घासांच्या पाच मुद्रा. बाकी देवळांतही करतात. पण सातविण्यात त्या कोणी बघायच्या नाहीत. बघितल्या की त्यातला जीव जातो, अशी समजूत. म्हणून पुजाऱ्यानं दोन्ही हातांवर तांबडं वस्त्र घ्यायचं आणि जे करायचं ते त्याखाली. बाहेर बसलेल्यांना दिसायची ती नुसती वस्त्राची हालचाल. गोधडीखाली मांजर शिरल्यासारखी.

आणि दुसरं. नथ घालून बाईमाणसाला जेवता येत नाही. तेव्हा नैवेद्याआधी देवीच्या नाकातली नथ काढायची, वाटीत ठेवायची, पाचवा घास झाला की परत घालायची. तेही त्याच वस्त्राखाली. देवी जेवायला बसली असता तिच्या मोकळ्या नाकाकडे गावानं बघायचं नाही.

"म्हणजे मोती त्याच्या हातात, आणि हात झाकलेले," शोभनाताई म्हणाल्या.

"बघा! तुम्हाला एका दमात कळलं. गावाला सहा वर्षं लागली."

नवरात्रातली चौथी माळ. दुपारचा नैवेद्य झाला. साबुदाण्याची खीर असायची, नऊही दिवस. मी ढोल वाजवला, पुरसूनं वस्त्र काढलं, लोक नमस्कार करायला उठले आणि पहिल्याच बाईनं किंकाळी फोडली.

नथ होती. नथीत मोती नव्हता.

गाभारा झाडला. फुलं चाळली. तीर्थाचं भांडं पालथं केलं. मोती नाही. आणि मग कोणी काही न बोलता सगळ्यांचे डोळे पुरसूच्या हातांकडे गेले. मी खरं सांगतो, पहिला संशय माझ्याच मनात आला. कारण मी ढोलाजवळ बसायचो, तिथून वस्त्र अगदी समोर दिसायचं, आणि मी कित्येकदा बघितलं होतं की उजव्या बाजूला त्या वस्त्राखाली एक उंचवटा कायम राहतो. बाकीची बोटं हलायची. तिथं मात्र काहीतरी मुठीत धरल्यासारखं. मनात म्हटलं, ही मूठ कसली?

देवळाचा मानकरी आबा सुर्वे. अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. पहिला नैवेद्य त्याच्या घरी जायचा, पहिला नारळ त्याच्या हातानं फुटायचा. तो पुढं आला.

"पुरसू, हात उघड."

पुरसूनं दोन्ही तळवे पुढं केले. रिकामे.

"पूर्ण उघड. ती करंगळी का मिटलीय?"

"ती उघडत नाही, आबा."

"का उघडत नाही?"

"मुद्रेची आहे. सांगता येणार नाही."

झालं. 'सांगता येणार नाही' हे शब्द सातविण्यात त्या दिवशी घरोघरी पोचले. पाणवठ्यावर बायका बोलू लागल्या की करंगळीत मोत्याएवढी जागा सहज होते. कोणी म्हणे गेल्या वर्षी देवीचं एक चांदीचं फूल हरवलं तेही त्यातच गेलं असेल. माझ्या शेजारच्या सोनारानं तर करंगळी मिटून आत वाटाणा ठेवून दाखवला. वाटाणा राहिला! चार लोकांनी करून बघितलं. दोन दिवस गावात ज्याच्या त्याच्या मुठीत वाटाणा.

आबानं ठरवलं, राजापूरहून गोवंडेशास्त्र्यांना बोलवायचं. त्यांना मुद्रांचं ज्ञान मोठं. अष्टमीच्या दुपारी, गावासमोर, पुरसूनं वस्त्राशिवाय मुद्रा करून दाखवायच्या. मुद्रा बरोबर निघाल्या तर मिटलेली करंगळी मुद्रेची. नाही निघाल्या तर ती चोराची, मग पूजा गेली, देवळालगतचं घर गेलं, आणि गावाच्या हद्दीबाहेर.

"रीत मोडते, आबा," पुरसू म्हणाला. "वस्त्र काढून मुद्रा करायची नसते."

"आणि वस्त्र घालून मोती काढायचा असतो?"

लोक हसले. मी पण हसलो. मघाशी सांगितलं ना, पहिला संशय माझा.

इथं इलाहीभाईंनी चहा मागवला. मी पेला डाव्या हातात घेतला. शोभनाताईंनी विचारलं, "त्यानं खरंच घेतला होता का मोती?"

"घाई करू नका. सप्तमीला दुपारी काय झालं ते ऐका."

सप्तमीला दुपारी मी ढोलाचं कातडं उन्हात तापवायला देवळामागं गेलो होतो. गुरवाचं घर तिथंच. कुडाची भिंत. आत चंद्राकाकी आणि पुरसू.

काकी म्हणाली, "उद्या वस्त्र काढ आणि दाखव रे बाबा. तू घेतलं नाहीस ना?"

"नाही गो काकी. देवीची आण."

"मग भितोस कशाला?"

"काकांनी शिकवलेलं उघड्यावर कसं दाखवू? त्यांनी मला हातात हात घेऊन दिलंय ते. वस्त्राखाली."

हे खरं होतं. मुद्रा शिकवायची तिथली पद्धतच तशी. गुरूनं तोंडानं बोलायचं नाही, शिष्यानं डोळ्यांनी बघायचं नाही. एकाच वस्त्राखाली चार हात घालायचे. गुरूनं मुद्रा धरायची, शिष्यानं ती आपल्या बोटांनी चाचपून ओळखायची आणि तशी धरायची. पुरसू तीन वर्षं तसा शिकला. चुलत्याचा हात त्याला अंधारातही ओळखता आला असता. खरबरीत, गरम, आणि उजवी करंगळी तळव्यात घट्ट मिटलेली. ती कुठल्याच मुद्रेत सुटायची नाही. पुरसूनं एकदा धीर करून विचारलंही होतं. नारोबा म्हणाला होता, "वीस वर्षं देवीला मुद्रा दाखवल्या, तिची खूण आहे ही. खऱ्या पुजाऱ्याची करंगळी अशी वळते."

पुरसूची वळत नव्हती. तेव्हा त्यानं काय केलं माहीत आहे? करंगळी मिटून तिच्यावर सुताची दोरी बांधली. निजताना बांधायची, सकाळी पूजेआधी सोडायची. आधी दुखायची. मग बधिर व्हायची. सव्वा वर्षात ती मिटली ती मिटलीच. त्या दिवशी त्यानं देवीला नारळ फोडला. आपण पुजारी झालो म्हणून.

"हे सगळं तुम्ही भिंतीआडून ऐकलंत?" शोभनाताईंनी विचारलं.

"कुडाची भिंत होती, ताई."

"आणि करंगळी बधिर व्हायची, तेही भिंतीतून?"

"घडश्याचे कान असतात," मी म्हटलं. इलाहीभाई खोकले.

तर आत पुरसूनं खुणेचं, दोरीचं सगळं सांगितलं. काकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कसली खूण, पुरसू? कोणी सांगितलं तुला?"

"काकांनी."

"अरे देवा!" काकी म्हणाली आणि तिचं हसणं की रडणं ते बाहेर कळेना. "अरे, आबाच्या बापाच्या बागेतले फणस चोरायला गेले होते तुझे काका. लग्न झालं त्या साली. कोणी आलंसं वाटलं म्हणून उडी टाकली नि फणसासकट पडले. करंगळी हाताखाली मोडली. वैद्याकडे जावं तर चोरी कळेल, म्हणून कोणाला दाखवली नाही. ती तशीच जुळली. वाकडी."

काकी पुढं सांगत होती.

"गावानं विचारलं तर सांगितलं, मुद्रेनं वळली. मला वाटलं तुला तरी खरं सांगितलं असेल. अरे पुरसू... तू तुझी चांगली करंगळी..."

आता तुम्ही विचार करा. त्या माणसाला चोरीची भीती नव्हती. चोरी त्यानं केलीच नव्हती. पण सहा वर्षं, रोज दोन वेळ, ज्या मुद्रा त्यानं देवीला दाखवल्या त्या मुद्राच नव्हत्या. एका फणसचोराचं मोडलेलं बोट त्यानं देवीला दाखवलं होतं. आणि उद्या वस्त्र काढलं की शास्त्र्यांना ते पहिल्या नजरेत कळणार. मग चोर म्हणा, ढोंगी म्हणा, काय फरक?

अष्टमीला तांबडं फुटायच्या सुमारास मी खाडीवर गेलो होतो. का गेलो होतो विचारू नका, खेकड्यांना गेलो असेन. बघतो तर पुरसू. खांद्यावर गाठोडं. तरीचा माणूस वल्ही लावत होता, आणि पुरसूचा एक पाय तरीत, एक पाय चिखलात.

मी हाक मारली, "पुरसू!"

त्यानं वळून बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता की मला माझ्या मुठीतल्या वाटाण्याची लाज वाटली.

"कुठं निघालास?"

"घाटावर. कुठंही."

"गेलास तर चोर ठरशील. मोतीचोर."

"राहिलो तर?"

मी म्हटलं, "राहिलास तर काय ठरशील ते दुपारी कळेल. पण काकीला गावात एकटीनं रोज ऐकावं लागेल की तुझा पुतण्या देवीचा मोती घेऊन पळाला. ते ती पुढची सगळी वर्षं ऐकेल. मागं फिर."

तो पुष्कळ वेळ तसाच उभा राहिला. भरती येत होती. चिखलातला पाय पाण्यात गेला. तरीवाला म्हणाला, "काय ते ठरव, मला वेळ नाही."

आणि पुरसूनं तरीतला पाय काढला.

"काढला?" शोभनाताई म्हणाल्या.

"काढला म्हणजे काय, काढलाच! मी त्याचं गाठोडं उचललं." मी घोडीवर साठलेली भुकटी फुंकली. ती उगीचच डोळ्यांत गेली. "पुढची गंमत ऐका."

दुपारी देऊळ असं भरलं की हत्ती आत असता तर तोही उभाच राहिला असता. गोवंडेशास्त्री पाटावर बसले. किडकिडीत म्हातारा, भुवया मात्र एवढ्या दाट की त्यांत चिमणीनं घर करावं. एका बाजूला आबा सुर्वे, दंड थोपटल्यासारखा. खिरीची वाटी, पाण्याचं भांडं, नथीची वाटी, सगळं रोजच्यासारखं मांडलेलं.

शास्त्री म्हणाले, "मी एकटा बघतो. बाकीच्यांनी बाहेर व्हावं. रीत राहील."

आबा म्हणाला, "गावाचा मोती, गाव बघणार."

पुरसू उठला. त्यानं तांबडं वस्त्र घेतलं, डोळ्यांना लावलं, घडी केलं आणि देवीच्या पायाशी ठेवलं. म्हणाला, "बघू दे सगळ्यांना. मलाही आता झाकायचं नाही."

आणि त्यानं धेनुमुद्रा धरली.

असं बघा. ही डावी, ही उजवी. बोटात बोट असं घालायचं. ही तर्जनी त्या मधल्या बोटाला, ही अनामिका त्या करंगळीला. खाली चार टोकं दिसली पाहिजेत.

तीन दिसली.

शास्त्री वाकून बघू लागले. त्यांच्या भुवया वर गेल्या त्या तिथंच राहिल्या. म्हणाले, "अरे, ही गाय तीन आचळांची!"

देवळात एक जण फिसकन हसला.

"आता घास," शास्त्री म्हणाले.

पुरसूनं घासाची मुद्रा केली. शास्त्र्यांनी मान हलवली. "पहिल्या घासाला करंगळी लागते, बाळ. अनामिका, करंगळी आणि अंगठा. पहिला घास तू दिलाच नाहीस. सहा वर्षं देवी चार घासांवर उठतेय."

आबानं मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? मुद्राच नव्हेत! मग करंगळी कशाला मिटलीय?"

मला वाटलं, आता हा खाली बघणार. संपला. पण पुरसूनं मान वर केली आणि सगळं सांगितलं. फणस सांगितला, उडी सांगितली, सुताची दोरी सांगितली. चंद्राकाकी खांबाआड उभी होती, ती पदर तोंडाशी धरून पुढं आली आणि म्हणाली, "खरं आहे. फणस मीच शिजवला होता." म्हातारे लोक एकमेकांकडे बघू लागले. नारोबाच्या करंगळीला त्यांनी वीस वर्षं नमस्कार केला होता.

"मी चोर नाही," पुरसू म्हणाला. "पण चुकीचं शिकलो, आणि चुकीचंच मनापासून केलं. पूजा काढून घ्यायची तर त्यासाठी घ्या. मोत्यासाठी नको."

मग शास्त्री म्हणाले, "नथ कशी काढतोस ते दाखव."

पुरसूनं देवीच्या नाकातली नथ काढली. अंगठा आणि तर्जनीनं धरली, हात वाटीकडे नेला. मधे खिरीची वाटी. तिच्यावरून जाताना मिटलेल्या करंगळीचं पेर नथीच्या तारेला लागलं, तार हिसकली, आणि सगळ्या गावादेखत नथीतला एक बारका मोती निसटला.

टुपुक.

खिरीत पडला. आणि दिसेनासा झाला. शास्त्री वाकले, आबा वाकला, मी ढोल सोडून वाकलो. साबुदाण्याच्या खिरीत मोती! शोधा बघू. सगळे दाणे तसेच गोल, तसेच पांढरे.

शास्त्र्यांनी शांतपणे विचारलं, "चौथ्या माळेची खीर कोणाकडे गेली होती?"

पहिला नैवेद्य कोणाकडे जायचा ते सगळ्यांना माहीत होतं. हळूहळू एकेक मान आबाकडे वळली. आबाचा हात आपोआप पोटावर गेला.

चंद्राकाकी म्हणाली, "आबा, त्या दिवशी तुम्ही मला निरोप धाडला होतात. एक साबुदाणा कच्चा राहिला म्हणून. दाताखाली आला, म्हणून तसाच गिळला म्हणालात."

मी तुम्हाला सांगतो, नवलाई हसली. पाषाणाची देवी, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि देवीचा होकार कळावा म्हणून तिच्या उजव्या खांद्यावर लावलेली कौलाची फुलं एकदम खाली आली. एक नाही, दोन नाही, सगळी. आबानं तिथंच लोटांगण घातलं. पोटावर पडला आणि लगेच कुशीला वळला, मोती आत टोचला म्हणून.

इलाहीभाई डोळे पुसत होते. "गिळला! मानकऱ्यानं मोती गिळला! अण्णा, काय थाप मारलीत!"

"थाप नाही. पुढं ऐका. शास्त्री पाटावरून उठले. पुरसूचा उजवा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, समईतलं कोमट तेल बोटाला लावलं, आणि मंत्र म्हणत म्हणत ती करंगळी एकेक पेर सोडवत सरळ केली. पुरसू कळवळला, पण ओरडला नाही. मग शास्त्र्यांनी ते तांबडं वस्त्र दोघांच्या हातांवर घेतलं आणि त्याला चारी आचळांची गाय शिकवली. चंद्राकाकी बघत होती. त्या दिवशी देवीनं सहा वर्षांनी पहिला घास घेतला. आणि पुरसूनं ती पूजा पुढं सांभाळली, म्हातारा होईपर्यंत. गावात त्याचा मान एवढा की आबा सुर्वेसुद्धा त्याला बघून उठायचा. काकी त्याच्या हातचं पाणी पिऊन गेली. सुखानं. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून."

मी थांबलो. दुकानात तंबोऱ्याची एक तार आपोआप झणकली. इलाहीभाईंनी नवी लाख विरघळवायला घेतली आणि ते अजून खुदुखुदु हसत होते.

शोभनाताई हसत नव्हत्या. त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि न विचारता माझा उजवा हात धरला, नर्स धरते तसा. मी ओढून घ्यायला गेलो, पण त्या बाईच्या पकडीतून आजवर कोणी सुटलं नसेल. त्यांनी करंगळी उलटसुलट करून बघितली. पेरावरून अंगठा फिरवला, वर, खाली, दोन्ही बाजूंना.

"विळ्यानं कापलेल्या बोटाला व्रण राहतो, अण्णा. मी हजार बघितलेत. इथं काही नाही. हे बोट बांधून ठेवलेलं आहे."

"ताई, घोडी राहिलीय तुमची..."

"राहू दे. शास्त्र्यांनी त्या दिवशी करंगळी सरळ केली म्हणता ना?" त्यांनी माझा हात सोडला नाही. आवाज मात्र हळू केला. "मग ही अजून मिटलेली कशी? अण्णा, खाडीवर हाक मारायला कोणी नव्हतंच. तुम्ही तरीतून पाय काढला नाहीत."